टपावरचे छिद्र : वाहनावरील एरियलच्या प्रश्नाचा आढावा

लष्कराच्या जीपगाडीच्या मागील कोपऱ्यावर उभी असलेली, आणि झाडांच्या फांद्यांत अडकू नये म्हणून टोकाला दोरी बांधून पुढच्या बंपराकडे कमानीसारखी वाकवून आणलेली ती लांब लवचीक काठी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी रस्त्याच्या कडेला उभे राहून कुतूहलाने पाहिलेली असेल. काठीच्या टोकाकडे सर्वांची नजर जाते. तिचा पाय गाडीच्या पत्र्यात कोठे रोवला आहे आणि त्या पत्र्याशी त्याचे नाते काय, इकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः चालत्या वाहनावर बिनतारी यंत्र बसविण्याच्या विद्येचे अर्धे मर्म त्या पायाशी आहे. पोलिसांच्या गस्ती गाड्या आणि अग्निशामक दलाचे बंब यांच्याप्रमाणेच, ज्यांना जगभर हॅम म्हणतात ते परवानाधारक हौशी रेडिओचालकही आपल्या खासगी मोटारींत संच बसवितात. आणि अशा प्रत्येकापुढे, यंत्र विकत घेऊन झाल्यावर आणि गाडीत त्याची जागा मुक्रर झाल्यावर, एक प्रश्न उरतोच : ज्याला नवी पिढी अँटेना म्हणते आणि जुने लोक एरियल म्हणत आले, त्यासाठी पत्र्याला भोक पाडावे, की भोक न पाडता काम भागविण्याची काही तजवीज करावी? पत्र्यावरची जागा पाहिली तर प्रश्न रुपयाच्या नाण्याहून मोठा नाही. परंतु पदार्थविज्ञान, पत्रेकाम, आपला पावसाळा, सरकारी कायदे आणि मालकाची आपल्या गाडीवरील माया या सर्वांना तो स्पर्श करतो, आणि म्हणूनच त्याचा सावकाशीने विचार करणे योग्य होईल.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू, कारण पुढील सर्व तकरारींचा निवाडा तिच्यावरच अवलंबून आहे. वाहनावरील साधे एरियल म्हणजे तरंगलांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश उंचीची उभी काठी. ही काठी पूर्ण एरियल नव्हे. ती त्याची केवळ वरची अर्धी बाजू होय. काठीत जितका प्रवाह वर चढतो तितकाच प्रवाह केबलच्या बाहेरील जाळीतून काठीच्या पायाभोवतीच्या धातूवर पसरावा लागतो, आणि गाडीचा टप ही ती दुसरी, आडवी पसरलेली बाजू असते. तळ्याच्या निश्चल पाण्यात काठावरच्या दीपमाळेचे प्रतिबिंब पडावे त्याप्रमाणे धातूच्या पृष्ठभागात काठीचे विद्युत् प्रतिबिंब पडते आणि दोहोंचे मिळून एक एरियल होते. काठी ज्या बैठकीवर उभी असते ती बैठक या दोन अर्धांना जोडणारा सांधा आहे. हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे भोक पाडण्याचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो : काठी गाडीवर घट्ट उभी कशी राहील एवढ्यापुरता तो न राहता, एरियलचे दोन भाग एकमेकांस किती सलगपणे मिळतात असा तो होतो.

आता काही आकडे. आपल्या देशात हौशी चालकांना दिलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे दोन मीटर असते. म्हणजे काठी अर्ध्या मीटरची, आणि तिच्याभोवती तेवढ्याच त्रिज्येचा धातू मिळाला तर काम उत्तम होते. साध्या मोटारीचा टप ही गरज बहुतांशी भागवितो. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर काठी अवघी १७ सेंटिमीटरची, आणि टप तिला मैदानासारखा विस्तीर्ण. याउलट २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यावर तरंगलांबी ११ मीटर होते आणि पाव लांबीची काठी पावणेतीन मीटरच्या घरात जाते. ७ मेगाहर्ट्झवर ती साडेदहा मीटर होईल, म्हणजे तीन मजली घराएवढी, आणि ती कोणत्याही गाडीवर उभी राहणे शक्य नाही. तेथे दोन-अडीच मीटरच्या काठीत तारेचे वेटोळे घालून ती विद्युत्दृष्ट्या लांब करावी लागते.

भोक न पाडणाऱ्यांचा सर्वांत लोकप्रिय आश्रय म्हणजे चुंबकी बैठक. लोहचुंबक टपावर ठेवला, केबल दारातून आत घेतली, की काम झाले. गाडी विकताना उचलून घेतला की मागे काही उरत नाही. परंतु चुंबक आणि टपाचा धातू यांच्यामध्ये रंगाचा थर असतो, आणि विजेच्या दृष्टीने तो थर म्हणजे एक संधारित्र होय. त्याची धारिता, उदाहरणार्थ, ५०० पिकोफॅरड धरली, तर १४५ मेगाहर्ट्झवर प्रवाहाच्या वाटेतील अडथळा सुमारे २ ओहमच भरतो. एवढ्याने काही बिघडत नाही. तोच २७ मेगाहर्ट्झवर सुमारे १२ ओहम आणि ७ मेगाहर्ट्झवर सुमारे ४५ ओहम होतो. हा अडथळा स्वतः तापून शक्ती खात नाही हे खरे. तथापि तो प्रवाहाला दुसरी वाट शोधावयास लावतो, आणि ती वाट म्हणजे केबलच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग. मग जो प्रवाह टपावर पसरावयाचा तो केबलवरून थेट गाडीच्या आत शिरतो, संचाच्या मायक्रोफोनमध्ये घुसून आवाज बिघडवितो, आणि इंजिनाच्या विद्युत्-यंत्रणेची खरखर त्याच वाटेने उलट ग्राहकात आणून सोडतो. वरच्या पट्ट्यांत चुंबकाने संतुष्ट असलेले चालक आणि खालच्या पट्ट्यांत चुंबकाला दोष देणारे चालक यांच्यातील जुना वाद याच ठिकाणी मिटावयास हवा. दोघेही आपापल्या वारंवारतेवर खरे बोलत आहेत.

खालच्या पट्ट्यांची गोष्ट याहूनही नाजूक आहे. ७ मेगाहर्ट्झवर पायाशी वेटोळे घातलेल्या अडीच मीटरच्या काठीचा प्रक्षेपण-रोध जेमतेम १.४ ओहम भरतो. वेटोळे, सांधे आणि गाडीचा सांगाडा यांतील एकूण व्यय-रोध १० ओहम धरला, तर १०० वॅटपैकी सुमारे १२ वॅटच आकाशात जातात. बाकीचे उष्णतेच्या रूपाने नाहीसे होतात. अशा वेळी एक सैल सांधा किंवा रंगावर बसविलेली एक चकती मोठा फरक घडविते. म्हणून या पट्ट्यांत काम करणारे जाणते लोक बैठक तर पत्र्याच्या धातूला भिडवितातच, शिवाय बॉनेट, डिकीचे झाकण, दारे आणि सायलेन्सरची नळी हे सर्व विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी सांगाड्याला जोडून घेतात. बिजागरीवर लोंबणारे झाकण सांगाड्याशी विजेच्या दृष्टीने जोडलेले आहेच असे गृहीत धरता येत नाही.

इतिहासाकडे वळलो तर असे दिसते की वाहनाच्या टपाचा आणि एरियलचा झगडा मोटारीच्या बाल्यावस्थेपासूनचा आहे. मार्कोनीने १९०१ साली थॉर्निक्रॉफ्ट बनावटीच्या वाफेच्या गाडीवर आपली यंत्रे बसविली, तेव्हा एरियल म्हणून टपावर एक भलेमोठे धातूचे नळकांडे उभे केले होते. गाडी चालताना ते आडवे पाडता येत असे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गस्ती गाड्यांतून मुख्य ठाण्याचे हुकूम ऐकण्याची सोय यशस्वी केली आणि न्यू जर्सीतील बेयॉन येथील पोलिसांनी १९३३ साली गाडीतून उलट बोलण्याचीही. त्या काळच्या बंद मोटारींच्या टपाचा मधला भाग कापडी असे, आणि त्या कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी पसरून तिलाच एरियल करीत. पुढे १९३५ सालच्या गाड्यांत जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला आणि ती जाळी एका दिवसात निरुपयोगी ठरली, कारण चहूकडून धातूने वेढलेल्या खोलीत लहरी पोहोचत नाहीत. काही काळ एरियल पायरीखाली चिखलात गेले आणि शेवटी काठीचे रूप घेऊन पत्र्याबाहेर आले. ज्या पोलादी टपाने एरियलला घराबाहेर काढले, तोच टप पुढे उभ्या काठीला सर्वोत्तम भूमी ठरला, ही या इतिहासातील मला सर्वांत आवडणारी घटना आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भोकाबद्दल कोणाच्या मनात किंतु नव्हता. ब्रिटिश रणगाड्यांतील १९ नंबरच्या संचाला २ ते ८ मेगाहर्ट्झसाठी एक लांब काठी आणि २३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जवळच्या बोलण्यासाठी दुसरी आखूड काठी, अशा दोन काठ्या लागत, आणि दोन्ही चिलखतातून आरपार बैठका घेत. युद्धोत्तर काळात पोलीस व टॅक्सीसेवांसाठी जी बैठक हळूहळू सर्वमान्य झाली तिला ‘न्यू मोटोरोला’ या नावाच्या आद्याक्षरांवरून एनएमओ म्हणतात. पत्र्यात पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचे, गोल छिद्र. खालून दातेरी कडी पत्र्याच्या आतील बाजूस चावते, वरून पितळी कडे रबरी चकतीसह आवळले जाते, आणि त्यावर हव्या त्या पट्ट्याची काठी फिरवून बसविता येते. जुन्या एसओ-२३९ जोडाला सुमारे १६ मिलिमीटरचे छिद्र पुरते. परंतु पावसाचे पाणी अडविण्यात तो एनएमओची बरोबरी करू शकत नाही, आणि आपल्याकडच्या हवेत हा गुण निर्णायक मानला पाहिजे.

आपल्या लोकांच्या मनात भोकाविषयी जी भीती आहे तिचे मूळ मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. अँबॅसडर आणि फियाट या गाड्यांच्या राज्यात रेडिओ बहुधा बाहेरच्या दुकानात बसविला जाई आणि सरकत्या नळ्यांचे एरियल पुढच्या मडगार्डला भोक पाडून उभे करीत. त्या भोकाची खालची बाजू थेट चाकाच्या वर येते. चाकाने उडविलेला चिखल आणि पाणी वर्षानुवर्षे तेथे साठून राही, आणि चार-सहा पावसाळ्यांत त्या जागेभोवती पत्रा पापुद्र्यांसारखा सुटू लागे. हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांनी ‘भोक म्हणजे गंज’ असा सरसकट सिद्धान्त बांधला. टपावरच्या भोकाची खालची बाजू मात्र गाडीच्या आत, अस्तराच्या वर, कोरड्या जागेत असते. तेथे वरचे रबर शाबूत असेपर्यंत पाणी पोहोचत नाही. उलट, कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीच्या टपावरून चुंबकी बैठक उचलून पाहावी : खाली साचलेली बारीक धूळ, खारट दमटपणा आणि गाडीच्या हादऱ्याने रंगावर उमटलेली वर्तुळाकार घासणी, हे सर्व स्पष्ट दिसते. डिकीच्या झाकणाला धरणारा चिमटाही आपल्या लहान टोकदार स्क्रूंनी रंग फोडूनच धातूपर्यंत पोहोचतो. तेव्हा भोक टाळणारा मालक पत्र्याची इजा टाळतो असे म्हणता येत नाही. ती तो अशा जागी नेतो जेथे तिच्यावर नजर ठेवणे कठीण जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या टपावर मागच्या बाजूस आखूड काठी किंवा माशाच्या परासारखा उंचवटा असतो आणि त्याखाली कारखान्याने स्वतः पाडलेले छिद्र असते. पण ते छिद्र रंगकामापूर्वी पाडलेले असल्यामुळे संपूर्ण सांगाडा रसायनाच्या हौदात बुडविताना त्याच्या कडांवरही संरक्षक थर चढतो. गॅरेजात पाडलेल्या छिद्राची कड उघडी पडते. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यात जस्त त्या कडेला थोडाफार आधार देते, पण त्यावर विसंबून राहू नये. प्रायमरचा हात त्या कडेवर फिरलाच पाहिजे.

जागेची निवड हा या कामातील सर्वांत विचारपूर्वक करावयाचा भाग. टपाचा मध्य सर्वश्रेष्ठ, कारण तेथे धातू चहूबाजूंना सारखा पसरलेला असतो आणि लहरी सर्व दिशांना सारख्या जातात. काठी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसविली तर प्रक्षेपण पुढच्या उजव्या दिशेकडे, म्हणजे जिकडे अधिक धातू आहे तिकडे, झुकते. शिवाय टपाचा पत्रा आत बसलेल्या माणसांना प्रक्षेपणाच्या शक्तीपासून आडोसा देतो, हा फायदा जितका सांगितला जावयास हवा तितका सांगितला जात नाही. उंचीचे भान मात्र ठेवावे लागते. नागरी पट्ट्याची पूर्ण पाव लांबीची काठी उंच गाडीच्या टपावर उभी केली तर तिचे टोक साडेचार मीटरच्या आसपास जाते, आणि गावातील वडाच्या फांद्या, खाली झुकलेल्या विजेच्या तारा व विद्युतीकृत रेल्वेच्या फाटकांवरील उंचीच्या कमानी यांची गाठ पडते. अशी काठी बंपराजवळ खाली घेणेच शहाणपणाचे, मग प्रक्षेपण थोडे एकांगी झाले तरी चालेल.

प्रत्यक्ष भोक पाडण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण त्याची पूर्वतयारी अर्ध्या दिवसाची असावी. टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्याखाली थोडी पोकळी, आडव्या पट्ट्या आणि मग अस्तर. आतला छताचा दिवा काढून त्या जागेतून हात घातला की पट्ट्या कोठे आहेत आणि दिव्याच्या तारा कोठून जातात ते समजते. बैठक दिव्याजवळ घेतली तर केबल ओढून घेणेही सोपे जाते. दोन्ही बाजूंनी मोजून मध्य काढावा, चिकटपट्टी लावून तीवर खूण करावी, सेंटर पंचाचा एक हलका ठोका द्यावा आणि तीन मिलिमीटरच्या ड्रिलने वाट पाडून मगच गोल करवत लावावी. या कामासाठी खोलीला अटकाव करणारी, खांदा असलेली करवत मिळते. तीच वापरावी, कारण साधी करवत पत्रा कापल्या क्षणी अस्तरात शिरते आणि तेथील कापड गुंडाळून फाडते. करवतीच्या दातांना ग्रीस फासले तर लोखंडाचा कीस त्यालाच चिकटून राहतो. उरलेला कीस चुंबकाने व निर्वात झाडणीने त्याच वेळी वेचून घ्यावा. पावसाळ्यात एक रात्र जरी तो रंगावर राहिला तरी सकाळी प्रत्येक कणाभोवती तपकिरी ठिपका उमटलेला असतो. नंतर गोल कानशीने कड साफ करून तीवर प्रायमर लावावा आणि खालच्या बाजूस, जेथे दातेरी कडी बसावयाची, तेथला रंग धातू दिसेपर्यंत खरवडावा. हा शेवटचा संस्कार विसरला गेला तर भोक पाडूनही बैठक रंगावरच उभी राहते आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो. कडे हाताने आवळून वर थोडा पाना द्यावा. जोर केला तर पत्रा खोलगट होऊन पाणी नेमके तेथेच साठते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जवळ आणू नये, कारण सुकताना त्यातून सुटणारे आम्ल पितळ व तांबे खाते.

केबलच्या वाटेविषयी अलीकडे एक नवी आणि गंभीर सावधगिरी आवश्यक झाली आहे. आजच्या पुष्कळ गाड्यांत दारांवरच्या कडेने, अस्तराच्या आड, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. केबल तिच्या पुढून किंवा तिच्यावरून नेली तर अपघाताच्या क्षणी तिच्या उघडण्याला अडथळा होतो. गॅरेजातील मिस्तरी कितीही कुशल असला तरी त्या विशिष्ट गाडीचा नकाशा पाहिल्याशिवाय त्याला खांबाचे आच्छादन काढू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी संच व एरियल बसविण्याविषयी स्वतःच्या मार्गदर्शिका काढल्या आहेत, ब्रिटनमध्ये एफसीएस १३६२ नावाची संहिता आहे, आणि गाडीतील प्रक्षेपकाने गाडीच्याच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत बिघाड होतो की नाही हे तपासण्यासाठी आयएसओ ११४५१-३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्या वाचकांनी ही कागदपत्रे एकदा तरी डोळ्यांखालून घालावीत.

काही गाड्यांच्या बाबतीत भोकाची बाजू मुळातच लंगडी पडते. काचेच्या विस्तीर्ण टपाची हौस वाढल्यापासून मधला धातूच नाहीसा झाला आहे. फायबरग्लासच्या शरीराची कॉर्व्हेट १९५३ पासूनच या अडचणीत आहे. तेथे भोक पाडून उपयोग नाही, आतून धातूचा पत्रा किंवा जाळी पसरावी लागते, आणि अशा रीतीने आपण पुन्हा त्या कोंबड्यांच्या जाळीपाशी येऊन पोहोचतो. ॲल्युमिनियमच्या शरीराच्या गाडीवर, उदाहरणार्थ २०१५ नंतरच्या फोर्ड एफ-१५० वर, चुंबक चिकटतच नाही. तेथे भोक उपयोगी पडते, पण पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून ग्रीस आणि रबर यांची विशेष काळजी घ्यावी लागते. भाड्याच्या, कंपनीच्या किंवा दोन वर्षांत विकावयाच्या गाडीला भोक पाडू नये, हे सांगण्याची गरज नसावी.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात इतके. हौशी पट्ट्यांत प्रक्षेपण करणारा संच परवान्यावाचून चालविता येत नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी हा मूळ दंडक कायम आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाने नोंदणी दाखल्यातील तपशील बदलतील असे फेरफार करण्यास मनाई केली आहे. १९ मिलिमीटरच्या छिद्राने गाडीचा वर्ग, इंजिन किंवा इंधन बदलत नाही, तथापि हमीच्या मुदतीत असलेल्या गाडीच्या बाबतीत विक्रेत्याकडून लेखी उत्तर घेऊन मगच ड्रिल हाती धरावे, म्हणजे पुढे हरकत निघणार नाही.

या सर्वांवरून माझे मत असे बनले आहे : जो चालक एकच गाडी दीर्घकाळ वापरणार आहे आणि जो पुरात, भूकंपात किंवा घाटातील अपघातात आपल्या संचावर भिस्त ठेवणार आहे, त्याने टपाच्या मध्यभागी नीट भोक पाडावे, आणि केवळ शहरात दोन मीटरच्या पट्ट्यावर मित्रांशी बोलणाऱ्याने चांगल्या चुंबकावर समाधान मानण्यात काही गैर नाही. खालच्या पट्ट्यांत काम करणाऱ्याला मात्र हा पर्याय खुला नाही. टपावर नाही तर निदान मागच्या भागात, धातूला भिडणारी आणि आवळलेली बैठक त्याला हवीच.

काम संपल्यावर मल्टीमीटरची एक सुई बैठकीच्या कड्याला आणि दुसरी टपाच्या आतील खरवडलेल्या धातूला लावावी. रोध जवळजवळ शून्य यावा. मग कमी शक्तीवर परतणाऱ्या लहरींचे प्रमाण मोजून काठी मिलिमीटर-मिलिमीटरने कापावी, कारण कापलेली काठी पुन्हा वाढत नाही. काठी काढून ठेवली असेल तेव्हा बैठकीवर तिचे रबरी टोपण आठवणीने बसवावे. आणि सर्वांत शेवटी गाडी अंगणात लावून टपावर चार बादल्या पाणी ओतावे, रात्रभर तशीच राहू द्यावी, व सकाळी छताचा दिवा काढून अस्तराच्या आत बोट फिरवून पाहावे.